गोड विषाची ८८ वर्षं

डायइथिलीन ग्लायकॉल चवीला गोड लागतं. रंग नाही, वास जवळजवळ नाही, आणि ग्लिसरीनसारखं दाटसर. एका वाटीत ग्लिसरीन आणि दुसऱ्या वाटीत हे ओतून समोर ठेवलं, तर तुम्हा-आम्हाला फरक कळणार नाहीच, औषधांत हयात घालवलेल्या माणसालाही नुसत्या नजरेने कळणार नाही. ब्रेक ऑइल, रेडिएटरमधला कूलंट, छपाईची शाई अशा ठिकाणी ते इमानेइतबारे काम करतं. पोटात गेलं की मात्र यकृतात त्याचं आम्ल बनतं आणि ते आम्ल मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांच्या पेशी मारत सुटतं. आधी उलट्या, पोटदुखी, मग लघवी कमी होत होत बंद. मूल जितकं लहान, तितकं कमी पुरतं.

बाजारात येणारी वस्तू सुरक्षित आहे की नाही हे कोणी तपासायचं, कधी तपासायचं आणि तपासायचं म्हणजे नेमकं काय करायचं, या प्रश्नांचा इतिहास मोठा आणि विस्कळीत आहे. तो सगळा एका लेखात मावत नाही. म्हणून हे एकच द्रव्य हातात धरून मी तो सांगणार आहे, कारण १९३७ ते २०२५ या ८८ वर्षांत हे द्रव्य पुन्हा पुन्हा परत आलं आणि दर वेळी तपासणीतलं एक वेगळं भोक दाखवून गेलं.

सुरुवात १९३७ ची. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात ब्रिस्टल नावाचं गाव, तिथली एस. ई. मॅसेंगिल कंपनी. घशाच्या आणि इतर जंतुसंसर्गावर सल्फानिलामाइड हे नवं औषध तेव्हा जोरात होतं, पण ते गोळ्यांच्या आणि पुडीच्या रूपात मिळायचं. दक्षिणेकडच्या राज्यांतून मागणी आली की पातळ औषध द्या, मुलांना पाजायला बरं. अडचण अशी की ते पाण्यात नीट विरघळेना. कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने शोधाशोध केली, तेव्हा डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये ते छान विरघळलं. वर रासबेरीचा स्वाद घातला आणि औषधाला 'एलिक्झिर' असं नाव दिलं.

विकण्याआधी कंपनीने ते तपासलंही. दिसायला कसं आहे, वास कसा आहे, चव कशी आहे, हे तिन्ही पाहिलं आणि तिन्हींत ते पास झालं. प्यायल्यावर माणसाचं काय होईल, हे पाहिलं नाही. यात कंपनीने कायदा मोडला नव्हता, कारण तसं पाहणं त्या काळच्या कायद्यानं कोणावर बंधनकारकच केलेलं नव्हतं.

सप्टेंबरमध्ये २४० गॅलन, म्हणजे साधारण ९०० लिटर औषध बाहेर पडलं. ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातून डॉक्टरांच्या तारा येऊ लागल्या की हे औषध घेतलेले रुग्ण दगावताहेत. मिसिसिपीतल्या एकट्या एका डॉक्टरचे सहा रुग्ण गेले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, आपले सगळे मिळून २३९ निरीक्षक आणि रसायनतज्ज्ञ रस्त्यावर उतरवले. कंपनीने दुकानदारांना तार केली होती, पण त्यात 'माल परत पाठवा' एवढंच. जीव जाईल असं कुठे लिहिलेलं नव्हतं. दुसरी, खरी तार पाठवायला तिला भाग पाडावं लागलं. मग एकेका बाटलीचा माग सुरू झाला. टेक्सासमधला एक विक्रेता गिऱ्हाइकांची यादी देईना, त्याला तुरुंगात बसवलं. एका तीन वर्षांच्या मुलाच्या घरचे औषध घेऊन डोंगराळ भागात राहायला गेले होते, त्या मुलाला शोधायला एका डॉक्टरने स्वतःचं लग्न पुढे ढकललं. एका बाईने बाटली नष्ट केली म्हणून सांगितलं. खोदून विचारल्यावर कळलं की खिडकीतून मागच्या बोळात फेकली होती. निरीक्षक बोळात गेला, तर बाटली फुटलेली नव्हती, लेबल शाबूत होतं आणि आत एखादं मूल मरेल इतकं औषध शिल्लक होतं.

२४० पैकी सुमारे २३४ गॅलन परत मिळालं. उरलेल्या सहा गॅलननी शंभरावर माणसं मारली. त्यांतली ३४ मुलं होती.

एफडीएने हा माल जप्त तरी कोणत्या अधिकाराने केला? १९०६ चा कायदा होता, पण तो भेसळ आणि खोटं लेबल एवढ्यापुरता. विषारी औषध विकणं हा गुन्हा त्यात नव्हता! शेवटी मुद्दा निघाला तो शब्दावरून. 'एलिक्झिर' म्हणजे अल्कोहोल असलेलं औषध, आणि यात तर अल्कोहोल नाही, म्हणजे लेबल चुकीचं. कंपनीने 'एलिक्झिर'ऐवजी नुसतं 'द्रावण' लिहिलं असतं, तर सरकारला हात बांधून बसावं लागलं असतं. कंपनीला दंड झाला सुमारे २६ हजार डॉलर. ज्या रसायनतज्ज्ञाने ते मिश्रण केलं होतं, त्याने आत्महत्या केली.

पुढच्या वर्षी, २५ जून १९३८ ला, नवा कायदा झाला. औषध बाजारात आणण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचा पुरावा कंपनीने द्यायचा. शंभर माणसं मेली आणि कायदा झाला, असं हे साधारणपणे सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. कायद्याचा मसुदा १९३३ पासून अडकून पडला होता आणि औषधवाले, प्रसाधनवाले त्याला पाच वर्षं खोडा घालून बसले होते. तो मसुदा त्या पाच वर्षांत मेला नाही, याचं श्रेय बऱ्याच अंशी बायकांच्या संघटनांना जातं. एफडीएने कायद्याच्या कक्षेबाहेर राहणाऱ्या वस्तूंचं एक प्रदर्शन मांडलं होतं. त्यात एका स्त्रीची दृष्टी घालवणारा पापण्यांचा रंग होता, शक्तिवर्धक म्हणून विकलं जाणारं रेडियमचं पाणी होतं. पत्रकारांनी त्याला भयदालन असं नाव पाडलं. महिला मंडळांनी ते दालन उचलून धरलं, गावोगावी सभा घेतल्या, खासदारांना पत्रं लिहून भंडावून सोडलं. टल्सामधल्या एका आईने सहा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर अध्यक्ष रूझवेल्ट यांना लिहिलेलं पत्रही याच रेट्याचा भाग बनलं. दुर्घटना घडली तेव्हा कायदा तयार होता, म्हणून आठ-नऊ महिन्यांत झाला.

याच सुमाराला ग्राहकांनी स्वतःच प्रयोगशाळा उघडण्याची कल्पना तिथे रुजत होती. १९२९ साली कन्झ्युमर्स रिसर्च नावाची संस्था निघाली. जाहिरातींवर विसंबण्यापेक्षा वस्तू स्वतः तपासायच्या आणि निकाल वर्गणीदारांना कळवायचे, हे तिचं काम. गंमत म्हणजे १९३५ मध्ये या संस्थेच्या कर्मचाऱ्यांनीच संप केला, आणि संपातून बाहेर पडलेल्यांनी १९३६ मध्ये कन्झ्युमर्स युनियन ही दुसरी संस्था काढली. साबण, दूध, पायमोजे अशा रोजच्या वस्तूंपासून त्यांची तपासणी सुरू झाली. नियम दोन: जाहिरात घ्यायची नाही, आणि तपासायची वस्तू कंपनीकडून मागवायची नाही. गिऱ्हाइकासारखं दुकानात जायचं, पूर्ण पैसे मोजायचे, उचलून आणायची. मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत हुशार गोष्ट कोणती वाटत असेल तर हा दुसरा नियम. कंपनी नमुना देते तेव्हा चांगलाच देणार. दुकानातून आणलेली वस्तू म्हणजे आपल्या घरात येणारी वस्तू.

१९३७ च्या औषधाचे प्राण्यांवर प्रयोग शिकागो विद्यापीठात झाले, आणि त्या प्रयोगांत फ्रान्सिस केल्सी नावाची एक तरुण विद्यार्थिनी राबत होती. १९६० मध्ये याच केल्सी एफडीएत रुजू झाल्या आणि त्यांच्या टेबलावर थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाचा अर्ज आला. युरोपात ते सर्रास विकलं जात होतं, गरोदर बायकांना मळमळीवरही दिलं जात होतं. नियमाप्रमाणे एफडीएने ६० दिवसांत हरकत घेतली नाही तर औषध आपोआप बाजारात. केल्सी दर वेळी मुदतीच्या आत पत्र लिहीत की पुरावा अपुरा आहे, आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. कंपनीने वरिष्ठांकडे तक्रारी केल्या, त्या हलल्या नाहीत. १९६१ च्या अखेरीला जर्मनीतून बातम्या आल्या की या औषधामुळे मुलं हातापायांविना जन्माला येताहेत. जगभरात अशी दहा हजारांवर मुलं जन्मली, अमेरिकेत मात्र बोटांवर मोजण्याइतकी. तीही कंपनीने चाचणीच्या नावाखाली डॉक्टरांना वाटलेल्या गोळ्यांमुळे.

इथपर्यंतची गोष्ट नव्या औषधाची आहे, म्हणजे 'हे द्रव्य सुरक्षित आहे का' या प्रश्नाची. डायइथिलीन ग्लायकॉल विषारी आहे हे १९३७ नंतर जगाला ठाऊक झालं. मग ते परत आलंच कसं?

कारण पुढच्या बहुतेक प्रकरणांत ते स्वतःच्या नावाने घातलं गेलं नाही, ते ग्लिसरीन किंवा तशाच दुसऱ्या द्रव्याच्या नावाखाली घुसलं. खोकल्याच्या किंवा तापाच्या सिरपमध्ये मूळ औषध चिमूटभर असतं. बाकी बाटली म्हणजे पाणी, साखर, स्वाद, रंग आणि औषध विरघळवून धरणारं दाट द्रव्य, बहुधा ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल. औषधी दर्जाचं हे द्रव्य महाग, औद्योगिक दर्जाचं स्वस्त, आणि डायइथिलीन ग्लायकॉल त्याहून स्वस्त. पिंपावर लेबल बदलायला कितीसा वेळ लागतो?

आता तपासणीकडे बघा. कारखान्यात सिरप तयार झालं की पाहतात, पॅरासिटामॉल लेबलवर लिहिलंय तितकं आहे का. असतं. आम्लता बरोबर आहे का, जंतू नाहीत ना. सगळं ठीक. बाटली पास होते. यात कोणी खोटं बोललेलं नसतं. चाचणी विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते, आणि 'यात डायइथिलीन ग्लायकॉल आहे का' हे विचारलेलंच नसतं. १९३७ मध्ये चव विचारली, चवीचं उत्तर मिळालं. तसंच हे.

दुसरी मेख नमुन्याची. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो. ती बरोबरही असते, पण का? कारण सगळी शितं एकाच पातेल्यात, एकाच आधणात शिजलेली असतात. दहा वेगवेगळ्या चुलींवरच्या पातेल्यांतला भात एका शितावरून कळत नाही. कच्च्या मालाची दहा पिंपं गोदामात येतात, सगळ्यांवर एकच लेबल असतं, म्हणून आपण ती एकच पातेलं समजतो आणि एका पिंपातून नमुना काढतो. उरलेल्या नऊंपैकी एखादं कुठून तरी दुसरीकडूनच आलेलं असू शकतं. म्हणून २००७ मध्ये एफडीएने कारखानदारांना बजावलं की ग्लिसरीनच्या प्रत्येक पिंपातून नमुना घ्या आणि त्यात हे विष आहे का ते बघा. नंतर अमेरिकी औषधसंहितेतही ग्लिसरीनची ओळख पटवण्याच्या चाचणीतच हा प्रश्न घातला गेला. म्हणजे हे विष आहे का हे पाहिल्याशिवाय त्या द्रव्याला ग्लिसरीन म्हणताच येत नाही.

हे शहाणपण आलं ते पनामामुळे. २००६ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेने बनवून मोफत वाटलेल्या खोकल्याच्या औषधाने माणसं मरायला लागली. चौकशीत निघालं की ४६ पिंपं चीनमधून स्पेनमार्गे पनामात आली होती. प्रमाणपत्रावर लिहिलेलं होतं ९९.५ टक्के शुद्ध ग्लिसरीन. वाटेतल्या प्रत्येक व्यापाऱ्याने आधीच्याचं नाव काढून आपलं घातलं, प्रमाणपत्राची नक्कल केली आणि माल पुढे ढकलला. झाकण उघडून बघितलं कोणीच नाही. आपल्याकडे व्यवहारात कागद बघतात ना, तसा सगळीकडे कागदच फिरला.

आपल्याकडचा सर्वांत बोचणारा अध्याय मुंबईचा आहे. जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात मेंदूवरची सूज किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी रुग्णांना ग्लिसरीन पाजलं गेलं आणि १४ जण मूत्रपिंडं निकामी होऊन गेले. ग्लिसरीनमध्ये तेच होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून परवान्यांपर्यंत प्रत्येक पायरीवरचा हलगर्जीपणा आणि लागेबांधे अहवालात उघडे केले. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या मुंबईकरांना 'लेंटिन' हे नाव आजही आठवतं.

त्याच वर्षाच्या शेवटी, २४ डिसेंबर १९८६ ला, देशात ग्राहक संरक्षण कायदा आला. जे. जे.मुळे आला असं म्हणणं चुकीचं ठरेल. त्यामागे बरीच वर्षं होती, आणि त्यातली पुष्कळशी मुंबईत-पुण्यात खपलेली होती. १९६६ साली मुंबईत नऊ बायकांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली आणि पुढे भेसळ, वजनमापं, वस्तूंच्या चाचण्या यांचं काम उभं केलं. १९७० च्या दशकात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायत आली. दहा-बारा घरांनी मिळून संघ करायचा, महिन्याचं सामान एकत्र मागवायचं, निवडून-पारखून आणलेला माल आपणच वाटून घ्यायचा. मध्यमवर्गीय चाळींत आणि सोसायट्यांत ही पद्धत इतकी मुरली, की तिला कोणी चळवळ म्हणेना, 'आमचं पंचायतीचं सामान' म्हणू लागले.

पण जे. जे.सारख्या प्रसंगात हा कायदा कितपत उपयोगी पडतो, ते पाहण्यासारखं आहे. पैसे मोजतो तो ग्राहक, ही कायद्याची मूळ कल्पना. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना या कायद्याखाली आणलं खरं, पण जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ते रुग्णालय त्यातून वगळलं. नोंदणीचा नाममात्र आकार भरल्याने फरक पडत नाही, हेही सांगितलं. म्हणजे नुसता केसपेपर काढून औषध पिणारा माणूस ग्राहक नाही. ज्याला दुसरीकडे जाण्याची ऐपत नाही, त्याच्यासाठीच हा दरवाजा अरुंद. २०१९ च्या नव्या कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेबद्दल उत्पादकाला थेट जबाबदार धरण्याची तरतूद आली आणि वस्तू बाजारातून मागे घ्यायला लावू शकणारं केंद्रीय प्राधिकरणही आलं. हे पुढचं पाऊल आहेच.

मधल्या काळात विष थांबलेलं नव्हतं. १९९८ मध्ये गुरगाव, २०१९-२० मध्ये जम्मूतलं रामनगर. २०२२ मध्ये तर आपण ते निर्यात केलं. आफ्रिकेतल्या गांबियात सत्तरच्या आसपास मुलं गेली आणि जागतिक आरोग्य संघटनेने हरयाणात बनलेल्या चार सिरपांकडे बोट दाखवलं. त्याच वर्षी उझबेकिस्तान. त्यानंतर सरकारने १ जून २०२३ पासून नियम केला की निर्यातीचं खोकल्याचं सिरप सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय देशाबाहेर जाणार नाही. वाक्य पुन्हा वाचा. निर्यातीचं.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात तापा-खोकल्याचं सिरप घेतलेली मुलं लघवी बंद होऊन आजारी पडू लागली. छिंदवाडा म्हणजे नागपूरचा शेजार. सौसर-पांढुर्ण्याकडे तर घराघरांत मराठी बोलतात. जीव वाचवायचा तर गाडी नागपूरकडेच वळते, आणि तशी ती वळली. त्यातली बरीच मुलं नागपूरच्या रुग्णालयांत दगावली. मृतांचा आकडा वीसच्या वर गेला. सिरप तामिळनाडूत बनलेलं होतं. तिथल्या औषध विभागाने नमुना तपासला, तेव्हा डायइथिलीन ग्लायकॉल निघालं ४८.६ टक्के. चालणारी मर्यादा आहे ०.१ टक्का. ही चुकून आलेली भेसळ नव्हे, जवळजवळ अर्धी बाटलीच ती.

ही चाचणी अवघड किंवा अनोखी नाही. गॅस क्रोमॅटोग्राफी नावाच्या यंत्रात मिश्रणातले घटक एका लांब नळीतून वायुरूपात सोडतात. प्रत्येक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो, आणि त्या वेळेवरून तो ओळखतात. ग्लिसरीन एका वेळेला, हे विष वेगळ्या. याहून स्वस्त, काचेच्या पट्टीवर करायची चाचणीही आहे. औषध कारखान्याला दोन्ही परवडतात.

तुम्हा-आम्हाला घरी हे विष ओळखता येत नाही, त्यामुळे 'चाखून बघा', 'पाण्यात टाकून बघा' असले व्हॉट्सॅपी उपाय सोडून द्या. दोन गोष्टी करता येतात. एक, दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीचं औषध देऊ नये आणि पाच वर्षांखालीही सहसा टाळावं, असं केंद्रीय आरोग्य विभागानेच २०२५ मध्ये कळवलं आहे. बहुतेक खोकले आपले आपण जातात. दुसरी गोष्ट म्हणजे बिल. मेडिकलवाला विचारतो, बिल हवंय का, आणि मागे रांग असते म्हणून मीही इतकी वर्षं 'राहू दे' म्हणत आलोय. औषधाच्या बिलावर बॅच नंबर असतो. माल मागे घ्यायची वेळ आली की कोणती बाटली कोणाच्या घरी गेली, हे शोधायचा तोच एक धागा. आणि मूल औषधानंतर लघवी करेनासं झालं तर बाटली फेकू नका, बरोबर घेऊन दवाखान्यात जा. बोळातली ती बाटली आठवत असेल.

पनामाची एक गोष्ट राहिली. औषधकांडानंतर काही महिन्यांनी, मे २००७ मध्ये, पनामा शहरातला एक साधा सरकारी कर्मचारी दुकानात स्वस्तातली टूथपेस्ट बघत होता. ट्यूबवरची घटकांची यादी त्याने वाचली. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल होतं, स्वच्छ अक्षरांत. वर्तमानपत्रांत महिनोन्‌महिने वाचलेलं नाव त्याच्या लक्षात होतं. त्याने ट्यूब विकत घेतली, रजा टाकली आणि आरोग्य खात्याच्या कार्यालयात गेला. तिथून त्याला दुसऱ्या कार्यालयात धाडलं, तिथून तिसऱ्या. तो तिन्हीकडे गेला. काही दिवसांत पनामाने ती टूथपेस्ट दुकानांतून उचलली, मग एकेक देश आपल्याकडची दुकानं धुंडाळू लागला आणि तीसहून अधिक देशांत तशा ट्यूब सापडल्या. बंदरं, जकात नाकी, गोदामं, दुकानं असा प्रवास करून पनामातल्या ट्यूब तिथवर पोचल्या होत्या, आणि नाव सगळ्या वाटेवर ट्यूबवर छापलेलंच होतं.